झाडोऱ्यात हरवलेल्या जुन्या दफनभूमीतील थडग्यांवरचे लेख नोंदवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावाबाहेरच्या, वापरातून गेलेल्या दफनभूमीत लेख उतरवण्याचे काम करताना आणि हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांना मदत करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज भासेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. दफनाच्या नोंदवह्या असताना दगडांवरचा मजकूर उतरवण्याची गरजच काय?

नोंदवही आणि दगड एकच गोष्ट सांगत नाहीत. नोंदवहीत बहुधा नाव, वय आणि दफनाची तारीख एवढेच असते. दगडावर मात्र मृत्यूची तारीख, जन्मगाव, व्यवसाय, कोणाची पत्नी, कोणाचा मुलगा, दगड कोणी बसवला, असे नात्यांचे धागे सापडतात. परमुलखात किंवा समुद्रावर मरण पावलेल्या माणसाचे नाव घरच्यांच्या दगडावर कोरलेले असते, आणि अशी व्यक्ती त्या दफनभूमीच्या नोंदवहीत मिळणे शक्यच नसते. शिवाय नोंदवह्यांना वाळवी लागते, त्या जळतात, गहाळ होतात.

दगडही कायमचा नसतो. संगमरवर म्हणजे मुळात कॅल्शियम कार्बोनेट; किंचित आम्लयुक्त पावसाच्या पाण्यात तो कणाकणाने विरघळत जातो आणि अक्षरांच्या कडा साखरेसारख्या भुरभुरीत होतात. थरांचा वालुकाश्म अनेक दशके ठणठणीत दिसतो आणि मग त्याचा कोरलेला पापुद्रा सगळाच्या सगळा गळून पडतो. आज वाचता येते ते म्हणूनच आज उतरवून घ्यावे लागते.

२. जागा ओसाड आहे, कोणी विचारत नाही. तरीही परवानगी लागते का?

लागते, आणि ती लेखी असावी. ओसाड दिसणाऱ्या जागेलाही मालक असतो: धर्मसंस्था, विश्वस्त मंडळ, स्थानिक प्रशासन किंवा एखादे कुटुंब. जागा संरक्षित स्मारकांच्या यादीत असेल तर पुरातत्त्व खात्याचीही परवानगी लागू शकते. केवळ पाहणे व छायाचित्रे घेणे, झाडोरा कापणे, दगड धुणे आणि माती बाजूला करणे या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पत्रात प्रत्येकीचा स्वतंत्र उल्लेख करावा, कारण पहिलीची परवानगी म्हणजे उरलेल्या तिघींची परवानगी नव्हे. आसपासच्या रहिवाशांनाही आधी सांगून ठेवावे. ज्यांचे पूर्वज तिथे आहेत त्यांना कोयता घेऊन आलेली अनोळखी माणसे पाहून काय वाटेल, याचा विचार आपणच करायला हवा.

३. कोणता ऋतू आणि दिवसाची कोणती वेळ चांगली?

झाडोरा सर्वांत विरळ असतो तो काळ निवडावा आणि पक्ष्यांच्या विणीचा हंगाम टाळावा. वेळेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पुष्कळांना वाटते की पूर्वेकडे तोंड असलेला दगड सकाळी लवकर वाचावा. प्रत्यक्षात तेव्हा ऊन दगडावर समोरून पडते, खाचांमध्ये सावली उरत नाही आणि लेख सपाट दिसतो. ऊन दगडाच्या पृष्ठभागाला घासून जाईल अशी वेळ हवी असते. पूर्वाभिमुख दगडासाठी ती माध्यान्हीच्या किंचित आधी येते आणि पश्चिमाभिमुख दगडासाठी माध्यान्हीनंतर लगेच. ही वेळ कधी कधी वीस-पंचवीस मिनिटांचीच असते, त्यामुळे पहिल्या फेरीत फक्त दगडांची तोंडे कोणत्या दिशेला आहेत ते टिपून घ्यावे आणि वाचनाचा क्रम त्यावरून ठरवावा. ज्या दगडांवर ऊन कधीच नीट पडत नाही त्यांच्यासाठी प्रश्न ७ पाहा.

४. झुडपे आणि वेली किती कापाव्यात?

वाचण्यापुरत्याच. कापण्याआधी काठीने गवत हलवून पाहावे; सापांसाठी तर हे करायचेच, पण पायथ्याचे लहान दगड, कडेच्या चौकटी आणि खचलेले खड्डे गवतातच दडलेले असतात. दगडावर चढलेली वेल ओढून काढू नये. तिची बारीक मुळे पृष्ठभागात शिरलेली असतात आणि वेलीबरोबर अक्षरेही निघून येतात. वेल बुंध्याशी कापावी, वाळू द्यावी आणि काही महिन्यांनी हलक्या हाताने सुटेल तेवढीच काढावी. तारेने गवत कापणारे यंत्र दगडाजवळ आणू नये, कारण त्या तारेचे ओरखडे मऊ दगडावर कायमचे राहतात. दगडाभोवतीची वीतभर पट्टी विळ्याने किंवा हातकात्रीनेच कापावी. तणनाशक वापरू नये, त्यातील क्षार दगडाच्या छिद्रांत मुरतात. पालापाचोळा जागेवर जाळणे तर पूर्णपणे वर्ज्य आहे, कारण उष्णतेने दगड तडकतो.

दगडांच्या फटीतून उगवलेल्या मोठ्या झाडाला हात लावू नये. त्याची मुळेच कित्येकदा थडग्याचे बांधकाम धरून उभी असतात.

५. दगड धुवावा का? धुवायचा तर कसा?

आधी विचारावे की धुतल्याशिवाय वाचता येणार नाही का. पुष्कळदा नुसता उजेड बदलून काम होते. धुणे खरोखरच आवश्यक असेल तर बोटाने हळूच तपासावे: वाळूसारखे कण निघत असतील, पापुद्रे सुटलेले असतील किंवा टिचकी मारल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर त्या दगडाला पाणीसुद्धा लावू नये. घट्ट दगडासाठी साधे स्वच्छ पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा असतो. आधी दगड भिजवावा आणि खालून वर धुवत जावे, म्हणजे मळक्या पाण्याचे ओघळ कोरड्या भागावर उतरून डाग पडत नाहीत. तारेचा ब्रश, ब्लीच, आम्ल, साबणाची पूड आणि दाबाने पाणी मारणारे यंत्र यांपैकी काहीही वापरू नये.

दगडफुलाला शक्यतो हात लावू नये. ते वर्षाला मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी वाढते, म्हणजे तळहाताएवढा ठिपका कित्येक दशकांचा असू शकतो, आणि खरवडल्यास त्याच्याबरोबर दगडाचा वरचा थरही निघतो.

६. अक्षरांवर खडू घासला किंवा दाढीचा फेस लावला तर मजकूर झटकन उठून दिसतो. त्यात काय वाईट आहे?

मजकूर दिसतो हे खरे, पण त्याची किंमत दगड मोजतो. खडूची पूड छिद्रांत अडकून राहते आणि घासण्याने कडा झिजतात. काही जण खडूऐवजी पीठ चोळतात, पण त्यावर बुरशी व कीटक वाढतात. दाढीच्या फेसातील स्निग्धाम्ले पाण्याने पूर्ण निघत नाहीत. या सर्वांपेक्षा मोठी हरकत अशी की, खडूने अक्षर गिरवणारा माणूस स्वतःला जे वाटते तेच गिरवतो. मग छायाचित्रात त्याचा अंदाज दिसतो, दगड दिसत नाही, आणि पुढच्या वाचकाला खरे-खोटे ठरवण्याचा मार्गच उरत नाही.

७. अक्षरे जवळजवळ पुसली आहेत. काय करावे?

पहिला आणि सर्वांत उपयोगी उपाय म्हणजे आरसा. एकाने काही पावलांवर उन्हात मोठा आरसा धरून उजेडाचा झोत दगडाच्या कडेने पृष्ठभागाला घासून जाईल असा सोडावा, दुसऱ्याने छत्री किंवा गडद कापड धरून दगडावर सावली करावी आणि तिसऱ्याने वाचावे. झोत एकाच बाजूने टाकून थांबू नये. बाजूच्या उजेडात अक्षरांच्या उभ्या रेषा उठतात, वरून घासत येणाऱ्या उजेडात आडव्या. एका दगडावर आमच्या तिघांच्याही डोळ्यांना १८२८ असे साल दिसत होते. आरसा डावीकडून उजवीकडे नेल्यावर शेवटच्या अंकाच्या उजव्या कडेला सावली पडली, डावी कड मात्र सपाटच राहिली. तो इंग्रजी ८ नव्हता, ३ होता, आणि डाव्या बाजूला दिसत होते ते दगडफुलाचे वर्तुळ होते. पाच वर्षांचा फरक होता, आणि त्या पाच वर्षांत त्या घरातल्या दोन मुलांचे जन्म येत होते.

आरसा चालत नसेल तर अंधार पडल्यावर विजेरी कडेला धरावी. घट्ट दगडावर पाण्याचा हलका फवारा मारल्यास सुकताना पृष्ठभाग आधी उजळतो आणि खाचा काही मिनिटे गडद राहतात. डोळे मिटून बोटांच्या टोकांनी हळुवार चाचपणेही उपयोगी पडते, विशेषतः अंकांसाठी.

अगदीच अडलेल्या दगडासाठी संगणकाची मदत घेता येते. कॅमेरा एकाच जागी ठेवून उजेड वेगवेगळ्या दिशांनी टाकत अनेक छायाचित्रे घ्यायची आणि नंतर पडद्यावर उजेडाची दिशा हवी तशी फिरवायची, ही पद्धत ह्युलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेतील टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडली. तिच्यासाठी लागणारी सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात.

८. कागद लावून ठसा घ्यावा का?

बहुतेक वेळा नाही. कमकुवत दगडाला घासण्याचा दाब सोसत नाही, रंगाचे डाग कागदातून पाझरतात आणि अनेक ठिकाणी ठसे घेण्यास मनाई असते. चांगल्या तिरक्या उजेडातील छायाचित्र ठशाइतकेच सांगते.

९. मजकूर उतरवण्याची योग्य रीत कोणती?

दगडावर जसे आहे तसेच, ओळीला ओळ. नियम एकच आहे: दिसते ते लेखात लिहावे, वाटते ते शेऱ्यात लिहावे. ओळ जिथे तुटते तिथे तिरकी रेघ द्यावी. शुद्धलेखन, विरामचिन्हे आणि संक्षेप यांना हात लावू नये. शिलालेखांच्या अभ्यासकांनी १९३१ मध्ये लायडन येथे ठरवलेल्या खुणा थडग्यांनाही चालतात: नष्ट झालेली पण खात्रीने भरून काढता येणारी अक्षरे चौकटी कंसात, संक्षेपाची फोड गोल कंसात आणि अर्धवट दिसणाऱ्या, शंकास्पद अक्षराखाली टिंब. गेलेल्या अक्षरांची संख्या कळत असेल तर चौकटी कंसात तितकीच टिंबे द्यावीत.

हे काम दोघांनी करावे. एकाने नाव अक्षर-अक्षर सुटे करून आणि साल अंक-अंक सुटा करून मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने लिहावे. मग लिहिणाऱ्याने कागद उलटा ठेवून दगड स्वतः वाचावा. दोघांचे वाचन जुळले नाही तर बहुमताने निर्णय घेऊ नये. दोन्ही वाचने नोंदवावीत. घरी गेल्यावर छायाचित्रावरून मजकूर पूर्ण करण्याचा मोह टाळावा, कारण जागेवर पाच सेकंदांत सुटणारी शंका छायाचित्रावर तासभर घालवूनही सुटत नाही.

१०. कोरणाऱ्याची चूक उघड दिसत असेल तरी सुधारायची नाही का?

लेखात नाही. आडनाव चुकीचे कोरले गेले असेल तर तसेच उतरवावे आणि शेऱ्यात योग्य रूप द्यावे. नावांच्या सूचीत दोन्ही रूपे घ्यावीत, म्हणजे शोधणाऱ्याला व्यक्ती सापडते. चुकीलाही अर्थ असतो. कोरणाऱ्याला ती भाषा येत नव्हती, त्याने कागदावरची चित्रे पाहून अक्षरे कोरली, हे अशाच चुकांतून कळते.

११. थडग्यांना क्रमांक कसे द्यावेत? मोबाइलवरचे स्थान पुरेसे आहे का?

जुना आराखडा किंवा जुने क्रमांक असतील तर तेच पाळावेत. नसतील तर जागेचे चौकोन पाडून प्रत्येक थडग्याला एकच, पुन्हा न वापरला जाणारा क्रमांक द्यावा. तो दगडावर रंगवू नये, चिकटवूही नये. मोबाइलवरील स्थान दाट झाडांखाली काही मीटरांनी चुकते, आणि शेजारच्या दोन थडग्यांत तेवढे अंतरही नसते. म्हणून एक सरळ आधाररेषा आखून टेपने मोजमाप घ्यावे आणि हाताने नकाशा काढावा. मोबाइलचे स्थान जोडीला ठेवावे.

१२. छायाचित्रे किती आणि कशी घ्यावीत?

प्रत्येक थडग्याची किमान तीन: परिसरासह, पूर्ण दगडाचे आणि लेखाचे. कॅमेरा दगडाला समांतर धरावा. क्रमांकाची पाटी शेजारी जमिनीवर ठेवावी, दगडाला टेकवू नये. दगडाची मागची बाजू आणि कडा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. दुसऱ्या पत्नीचे किंवा लहानपणी गेलेल्या मुलांचे नाव कित्येकदा तिथेच असते, आणि कोरणाऱ्याचे नाव तळाशी, गवताच्या रेषेखाली. मूळ छायाचित्र न बदलता जपावे आणि उजळवलेली प्रत वेगळी ठेवावी.

१३. लेख मला न येणाऱ्या भाषेत किंवा लिपीत आहे. तो सोडून द्यावा का?

सोडू नये. तिरक्या उजेडात ओळीगणिक छायाचित्रे घ्यावीत आणि जाणकाराकडे द्यावीत. अंदाजाने अक्षरे जुळवू नयेत. काही ठरावीक गोष्टी मात्र ओळखता येतात. हिब्रू लेखाच्या तळाशी बहुधा पाच अक्षरांचा संक्षेप असतो. ‘त्याचा किंवा तिचा जीव जिवंतांच्या गाठोड्यात बांधलेला असो’ या बायबलमधील वचनावर बेतलेल्या प्रार्थनेची ती आद्याक्षरे आहेत. ख्रिस्ती थडग्यांवरील आय-एच-एस ही तीन अक्षरे येशूच्या ग्रीक नावाचा संक्षेप आहेत, मृताची आद्याक्षरे नव्हेत. जुन्या इंग्रजी लेखांत लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो, आणि ‘वाय’वर लहान ‘ई’ कोरलेली असेल तर ते ‘द’ असे वाचायचे. हा ‘वाय’ एका लुप्त झालेल्या अक्षराच्या जागी आलेला आहे.

१४. तारखा वेगळ्या कालगणनेत असतील तर?

दगडावरची तारीख तशीच उतरवावी आणि रूपांतर वेगळ्या रकान्यात द्यावे. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. शकवर्षाच्या अखेरच्या, जानेवारीपासून पुढच्या महिन्यांसाठी ७९. आर्मेनियन सालात ५५१ मिळवावे लागतात. हिब्रू सालातील पाच हजार बहुधा गाळलेले असतात. उरलेल्या आकड्यात १२४० मिळवावे, पण ते वर्ष शरद ऋतूत सुरू होते, त्यामुळे ६३३ म्हणजे १८७२ च्या शरदापासून १८७३ च्या शरदापर्यंतचा काळ.

हिजरी सालाला सरळ बेरीज चालत नाही, कारण ते चांद्रवर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते. सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की जवळपासचे वर्ष मिळते. हिजरी १३०० चे उत्तर १८८३ येते, पण ते वर्ष नोव्हेंबर १८८२ मध्येच सुरू झाले होते; म्हणून महिना असेल तर तक्ता पाहावाच. फारसी लेखात साल अंकांत न देता शेवटच्या चरणातील अक्षरांच्या संख्यामूल्यांच्या बेरजेत गुंफलेले असू शकते, तेव्हा ती ओळ एकही अक्षर न गाळता उतरवणे फार महत्त्वाचे आहे.

सर्वांत फसवी तारीख मात्र ओळखीची वाटणारी असते. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे १७५२ पूर्वीच्या इंग्रजी दगडावरील फेब्रुवारी १७१४ म्हणजे आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७१५. काही दगडांवर दोन्ही साले तिरकी रेघ देऊन कोरलेली असतात. त्याच १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आली, तेव्हा मधल्या ११ तारखा तिथल्या कोणत्याही दगडावर असू शकत नाहीत.

१५. वयावरून जन्मसाल काढून लिहावे का?

शेऱ्यात, आणि तेही दोन सालांच्या रूपात. ‘वयाच्या ४५ व्या वर्षी’ याचा अर्थ ४४ पूर्ण झालेली असतात. ‘वय ४५’ याचा अर्थ ४५ पूर्ण. हे दोन शब्दप्रयोग एकमेकांच्या जागी लिहिले की जन्मसाल एका वर्षाने सरकते. दगड मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी बसवलेला असेल तर वय घरच्यांच्या आठवणीवरून कोरलेले असते, हेही लक्षात ठेवावे.

१६. दगड पालथा पडला आहे किंवा मातीखाली गेला आहे. उचलून पाहू का?

उचलू नये. १८० सेंमी लांब, ८० सेंमी रुंद आणि १५ सेंमी जाड फरशीचे वजन पाचशे किलोंच्या वर जाते. चार माणसांच्या हातून ती निसटली तर पाय जातो आणि दगडही दुभंगतो. पालथ्या दगडाचा लेख पावसापासून वाचलेलाच असतो; ‘मजकूर खालच्या बाजूस’ अशी नोंद करून तज्ज्ञांची वाट पाहावी. डुगडुगणाऱ्या उभ्या दगडाला टेकू नये, त्याच्यासमोर गुडघे टेकून बसूही नये. पातळ मातीखाली गेलेली फरशी, परवानगी असेल तर, बांबूच्या काडीने चाचपावी, लोखंडी सळईने नव्हे. माती हाताने बाजूला करून लेख उतरवावा आणि ती पुन्हा तशीच पसरावी. खोदताना किंवा जनावरांच्या बिळाशी हाडे दिसली तर काम थांबवून जागेच्या मालकाला आणि पोलिसांना कळवावे.

१७. ज्या थडग्यावर काहीच कोरलेले नाही त्याची नोंद करावी का?

जरूर करावी. नुसता उभा केलेला दगड, चुना निघालेला चौथरा, जमिनीतला लांबट खळगा, हे सर्व कोणाचे तरी आहे. दगड ‘कोरा’ आहे असे लिहिण्याआधी मात्र नीट पाहावे. शिशाची अक्षरे बसवलेल्या संगमरवरावरील शिसे गळून गेले की फक्त बारीक छिद्रे उरतात. अशा एका दगडावर आम्हाला सुरुवातीला किडीने पोखरल्यासारखे ठिपके दिसले. ते कागदावर मोजून उतरवले, तेव्हा त्याच दफनभूमीतील दुसऱ्या, शिसे टिकलेल्या दगडावरून प्रत्येक अक्षराला किती छिद्रे आणि कोठे असतात ते कळले, आणि एका बाईचे पूर्ण नाव वाचता आले.

१८. एखाद-दुसरे सैनिकी थडगे असेल तर?

दोन्ही महायुद्धांत मरण पावलेल्या राष्ट्रकुलातील सुमारे १७ लाख स्त्री-पुरुषांच्या थडग्यांची आणि स्मारकांची जबाबदारी १९१७ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रकुल युद्ध-थडगी आयोगाकडे आहे, आणि त्यांतील कित्येक थडगी अगदी लहान खेड्यांतल्या दफनभूमींत एकटीदुकटी आहेत. त्यांची स्वच्छता स्वतः करू नये. नोंद करून स्थिती आयोगाला कळवावी. सैनिकाचा क्रमांक व पलटणीचे चिन्ह अचूक टिपावे आणि तळाची ओळ कधीही गाळू नये. ती ओळ घरच्यांनी निवडलेली असते. त्यांना जागा ६६ अक्षरांचीच मिळत असे.

१९. अलीकडच्या थडग्यांची माहिती सर्वांना खुली करावी का?

हयात नातेवाइकांची नावे असलेले लेख नोंदवावेत, पण त्यांना न विचारता प्रसिद्ध करू नयेत. कोणी आक्षेप घेतला तर ते पान मागे घ्यावे. मूळ नोंद मालकाकडील प्रतीत राहू द्यावी.

२०. पूर्वी कोणीतरी लेख उतरवले होते, आणि आता दगडावर त्यातले निम्मेच दिसते. जुन्या नोंदीवरून रिकाम्या जागा भराव्यात का?

येथे चांगले, मेहनती लोकही चुकतात. जुनी नोंद हा मोलाचा पुरावा आहे, पण तो दगडापेक्षा वेगळा पुरावा आहे. आपण आज वाचलेला मजकूर एका रकान्यात, जुन्या नोंदीतील मजकूर तिच्या वर्षासह दुसऱ्या रकान्यात, असे दोन्ही शेजारी शेजारी ठेवावेत. जिथे दोन्ही वाचने उपलब्ध आहेत तिथे ती ताडून पाहावीत. जुन्या नोंद करणाऱ्याने वाचता येणाऱ्या दगडांवर किती चुका केल्या ते त्यातून कळते आणि न वाचता येणाऱ्या दगडांबाबत त्याच्यावर किती विसंबावे याचा अंदाज येतो. दगड आणि जुनी नोंद यांत स्पष्ट विरोध असेल तर प्रश्न ७ मधील उजेडाचे सर्व उपाय करून दगड पुन्हा वाचावा आणि तरीही विरोध राहिला तर तो तसाच लिहून ठेवावा.

आपल्या नोंदीवरही वाचनाची तारीख, वाचणाऱ्यांची नावे आणि त्या वेळचा उजेड लिहावा. तिची एक छापील प्रत जागेच्या मालकाकडे, एक जवळच्या ग्रंथालयात किंवा अभिलेखागारात आणि संगणकावरील प्रत साध्या मजकुराच्या रूपात किमान दोन ठिकाणी ठेवावी.